कमरेएवढी रेघ

घळीत सतरा रांजणखळगे होते. बारा कोरडे, पाच भरलेले. काठावर चपलांचे तीन जोड आणि माणसं दोनच: सानिका आणि तिची मैत्रीण नम्रता. तिसरा जोड ऋत्विकचा, सानिकाच्या धाकट्या भावाचा. तो खालच्या खळग्यांचे फोटो काढत असताना वरून लोंढा आला आणि ऋत्विक दिसेनासा झाला. लोंढा पुढे गेल्यावर पाणी बरंच खाली उतरलं होतं.

नम्रताने पुन्हा फोन लावला. "बचाव पथकाची होडी आत्ता कुठे शृंगारतळीला पोचलीय."

घळीच्या तोंडाशी कातळावर चुन्याची रेघ होती. पाणी तिला टेकलं की सगळ्यांनी वर निघायचं, हा गावाचा नियम. उतरताना सानिकाने नीट पाहिलं होतं. पाणी रेघेच्या चार बोटं खाली होतं.

"रेघ कोणी मारली?" हाका ऐकून खाली आलेल्या, घळीची राखण करणाऱ्या विठूआजोबांना तिने विचारलं.

"मीच, बाय. चाळीस वर्सं मीच मारतोय."

"उंची कशी ठरवता?"

"त्या पायरीवर उभं र्‍हायचं नि कमरेला चुना मारायचा. माझा बापूस पण तसाच करी."

"उभे राहून दाखवा."

म्हातारा हलेना. "गुडघा दुखतो."

सानिकाने हात धरून त्यांना पायरीवर चढवलं. रेघ त्यांच्या बरगड्यांना लागली.

विठूची नात अक्षया दोरखंड घेऊन उतरली. आजोबा ज्या फांदीखालून सरळ आले होते, तिथे तिला वाकावं लागलं.

सानिकाने कातळ चाचपला. नव्या चुन्याखाली दगडफूल जिवंत होतं. आजोबांच्या कमरेपाशी मात्र आडवा पट्टा अगदी उघडा होता.

"चाळीस वर्षं चुना इथे पडला, म्हणून इथे दगडफूल नाही," ती म्हणाली. "खरी खूण ही. आम्ही उतरलो तेव्हाच पाणी हिच्या वर गेलं होतं. यंदाची रेघ तुमची नाही, आजोबा. कमरेलाच मारलीय, पण उंच माणसाच्या."

अक्षयाच्या हातातला दोरखंड खाली पडला.

"यंदा आजोबांना उतरवत नव्हतं, ताई. म्हणाले, पायरीवर उभी र्‍हा नि कमरेला मार. मी तेवढंच केलं हो."

"तिला काय बोलू नको, बाय," म्हातारा म्हणाला. "उंची माझ्याच ध्यानात नाय आली."

सानिकाला ओरडायचं होतं. कोणावर, ते कळेना. तिने ऋत्विकला एकदा हाक मारली. मग सॅकमधून टेप काढली आणि कातळाला लावली.

पंधरा मिनिटांत पाणी पुन्हा एकवीस सेंटिमीटर चढलं.