पाठमोरा बसून वाच

लंडनच्या त्या बाईला खोली हवी आहे हे सगळ्या जीपला कळलं, तेव्हा जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं.

माझ्या इयरफोनची पिन अर्धवटच बसली होती. मी आपली खाली मान घालून, मांडीवरच्या वहीत इंग्रजीच्या सरावाची उत्तरं लिहीत होते. आज आवाज जरा लांबून येतोय असं वाटलं, एवढंच. जोयड्याहून नंदिगड्ड्याला जाणारी संध्याकाळची जीप, आत चौदा माणसं, पिशवीतून मान काढलेली एक कोंबडी आणि मोबाईलमधून मोठ्याने बोलणारी ती बाई. सगळे गप्प बसून ऐकत होते.

"अकरा नंबरला शुक्रवार लिहू नका," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

मी वळून पाहिलं. उन्हाने रापलेला चेहरा, सडसडीत अंग, डोक्यावर रंग उडालेली टोपी... आणि ओठांवर दाबून धरलेलं हसू.

"बाईनं शुक्रवार म्हटलंय," मी जरा तोऱ्यातच म्हणाले.

"म्हटलंय खरं. पर ती शनिवारच घेणार बगा."

पुढच्याच वाक्याला बाईने शुक्रवार मोडला आणि शनिवार घेतला. जीपमधले सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मुकाट्याने खाडाखोड केली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडं फोन करणारी समदी अशीच असत्यात. आधी दोन खोल्या म्हणतात, मग बायकोला विचारतात, मग तीन घेतात. माणूस पुरतं बोलून होईस्तोवर मी पेन हातात धरत न्हाई."

त्याचं नाव प्रज्योत. बाजारकुणंग गावचा. गणेशगुडीला काळी नदीवर पाहुण्यांच्या बोटी चालवायचा, आणि तिथल्याच एका होमस्टेचे फोन घ्यायचा. इंग्रजी तो शाळेत नव्हे, पाण्यात शिकला होता. त्या दिवशी नंदिगड्ड्याला आत्याकडे निघाला होता, म्हणून आमची गाठ पडली.

आणि मी सुनयना. जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटी नर्स. दरवर्षी मार्च आला की आपली नोकरी राहते की जाते या धास्तीने जगणारी. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलने माझी निवड केली होती, पण इंग्रजीच्या परीक्षेत ऐकण्याला आणि वाचण्याला नऊपैकी सात-सात गुण आणले तरच. पहिल्या खेपेला वाचण्यात सात मिळाले आणि ऐकण्यात साडेपाचावर आपटले. एप्रिलअखेर त्यांची यादी बंद होणार होती. म्हणजे हातात एकच परीक्षा उरली होती, अठरा मार्चची.

मुळात मी काळजीखोर. सलाईन लावून घरी आले तरी ते नीट थेंबथेंब पडत असेल ना, म्हणून जेवताना उठणारी. परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते, चाळीस प्रश्न, मागे जाता येत नाही... एवढं आठवलं तरी माझे कान बंद व्हायचे. एक उत्तर हुकलं की त्याच्याच मागे रडत बसायचे, आणि तेवढ्यात पुढची चार निघून जायची.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला अर्ध्या तासाच्या प्रवासात का सांगितलं, कोण जाणे.

"मी मंगळवारी आणि शुक्रवारी सामान न्यायला जोयड्याला येतो," उतरताना तो म्हणाला. "पुस्तकात ते बोलणं छापलेलं असतंय न्हवं? मी वाचून दावतो. आवाज काढून."

"कशाला पण?"

"आता... तुमचा शुक्रवार खोडायला लावला की मी."

*

चारला माझी ड्यूटी सुटायची, साडेपाचला जीप. मधला दीड तास आम्ही बसस्टँडजवळ लखूच्या हॉटेलात बसायचो. हॉटेल म्हणजे चार बाकं आणि वर पत्रे. दाट झाडीमुळे इथे मोबाईल कधी चालायचा, कधी नाही. पण प्रज्योतला नेटवर्क लागत नव्हतं. तो पुस्तक उघडायचा, घसा साफ करायचा आणि सुरू व्हायचा. एका परिच्छेदात तो खाष्ट इंग्रज म्हातारी, दुसऱ्यात ऑस्ट्रेलियाचा प्राध्यापक.

"आता मी म्हातारी हाय. हसायचं न्हाई."

"मी कुठं हसतेय?"

"डोळं हसालालेत."

"माझ्या डोळ्यांकडं कशाला बघता? पुस्तकात बघा."

"पुस्तकात काय... पुस्तक रोजचंच हाय," तो पुटपुटायचा, आणि म्हातारीच्या आवाजात पुढे वाचायला लागायचा. चहा पिता पिता मला ठसका लागायचा.

कधी कधी उलटंही चालायचं. वाचनाच्या उताऱ्यात मधमाश्या, जुने पूल, समुद्राचं पाणी असं काहीबाही असायचं. ते मी त्याला समजावून सांगायचे, म्हणजे माझीही उजळणी व्हायची. तो हनुवटीला हात लावून ऐकायचा. मधमाश्यांवर तर त्याने मलाच चार गोष्टी शिकवल्या.

सात गुणांसाठी चाळीसपैकी तीस तरी उत्तरं बरोबर यायला हवी होती. जानेवारीत मला बावीस मिळत होते. फेब्रुवारीत एकोणतीस, मग तेहतीस. "तुम्ही"चं "तू" कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. मंगळवार उजाडला की सकाळच्या धुक्यातच मी निळा कुर्ता काढून ठेवायचे, आणि हा कुर्ता ड्यूटीला सोयीचा आहे अशी स्वतःचीच समजूत घालायचे. ज्या दिवशी छत्तीस मिळाले त्या दिवशी प्रज्योतने लखूकडून सगळ्या गिऱ्हाइकांना केळ्याचे गोड बन्स दिले. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण जाणार. आणि त्याच्याच पाठोपाठ वाटलं... आपण जाणार?

दुसरा विचार मी झटकून टाकला.

*

परीक्षेला तीन आठवडे उरले तेव्हा मी बेळगावला एका क्लासमध्ये सराव परीक्षा द्यायला गेले. खरे हेडफोन, खरे आवाज. चाळीसपैकी सतरा.

मंगळवारी लखूच्या बाकावर मी तो कागद प्रज्योतसमोर आपटला.

"सतरा! तुझ्याकडं छत्तीस आणि तिथं सतरा! हे असं कसं रे?"

तो कागदाकडे बघतच राहिला. "यंत्र बिघडलं असंल तिथलं..."

"यंत्र न्हाई बिघडलं. मीच बिघडलेय!"

"मी सांगू काय?" भज्यांचा झारा हातात घेऊन लखू पुढे आला. पन्नाशीचा माणूस, एरवी चहा-साखरेपलीकडे न बोलणारा. "दोन महिने बगालोय मी. अक्का, तू ऐकत न्हाईस. तू ह्याच्या तोंडाकडं बघतीस. उत्तर आलं की हा भुवया वर करतोय, आणि तू लिवतीस. आणि तुझी पेन्सिल अडली की हा बी थांबतोय. पार पाणी पिऊन येतोय. तिकडं इंग्लंडात कोण थांबणार हाय तुझ्यासाठी?"

आणि तो भजी उलटायला निघून गेला.

मी वर बघू शकले नाही. तो भुवया वर करतो हे मला ठाऊक होतं का? होतं. अगदी पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. त्याचा वरचा ओठ किंचित तुटका आहे, हसू दाबताना डाव्या गालाला बारीक खळी पडते, सगळंच ठाऊक होतं. आणि माझी पेन्सिल कुठे अडते हे कळायला त्याने तरी दोन महिने नजर कुठे ठेवली होती? दोघांचीही चोरी भर हॉटेलात पकडली गेली होती. माझी कानशिलं तापली. पण त्या लाजेच्या तळाशी एक थंडगार भीती होती. या गोड चोरीने माझे दोन महिने खाल्ले होते.

"शुक्रवारपासून," मी म्हणाले, "तू पाठमोरा बसून वाच. रस्त्याकडं तोंड करून. आणि कुठंही थांबायचं न्हाई."

"बरं," तो म्हणाला. नेहमीसारखा चेष्टेत नव्हे.

*

ते दिवस फार वाईट गेले. समोर त्याचा मळका निळा शर्ट, टोपीखालची मान, आणि पलीकडे रस्त्यावर धूळ उडवत जाणाऱ्या गाड्या. तो भरभर वाचायचा. मी मागे पडायचे. पंधरा. अठरा. पुन्हा पंधरा.

"थांबलास!" मी ओरडायचे.

"न्हाई थांबलो."

"थांबलास. मघाशी त्या पत्त्याला."

"चुकून झालं गं... तुझा श्वास अडकल्यागत वाटला."

त्याने अशी काळजी केली की मला रडू यायचं आणि राग यायचा, दोन्ही एकदमच. त्याच्यावर चिडून मी दोनदा जीप यायच्या आधीच उठून स्टँडवर गेले. दोन्ही वेळा जीप येईपर्यंत तो स्टँडच्या दुसऱ्या टोकाला उभा होता. जवळ मात्र आला नाही.

हळूहळू कान मोकळे झाले. हुकलेलं सोडून द्यायला मी शिकले. चोवीस, मग सत्तावीस. परीक्षेच्या आधीच्या शुक्रवारी वळवाची सर आली. लखूच्या पत्र्यांवर असा काही ताशा वाजायला लागला की भज्यांचं तेलही ऐकू येईना. "आज राहू दे," लखू ओरडला. मी म्हटलं, नाही, वाच.

तो वाचत राहिला. मी खाली मान घालून लिहीत राहिले. आडव्या पावसाने त्याची बाही भिजत होती. एकतिसावा प्रश्न, बत्तिसावा... आणि मधेच त्याचा आवाज उतरला. पुस्तकातलं इंग्रजी थांबलं होतं.

"मी जेवढं बेस वाचीन तेवढी तू लौकर जाशील," तो रस्त्याकडे बघत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. "आणि वाईट वाचायला माझं मन होईना. लई जीव जडलाय गं तुझ्यावर. आता काय करू मी?"

पावसात मला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं असावं. पण मला शब्दन् शब्द ऐकू आला. पेन्सिलीचं टोक कागदावर मोडलं. मलाही म्हणायचं होतं, अरे, माझाही जडलाय. पण परीक्षा चार दिवसांवर होती. आता तोंड उघडलं तर मी कुठेच जाणार नाही, आणि मग आयुष्यभर त्याचा ठपका त्याच्यावर ठेवीन, याची मला भीती वाटली.

"पुढचं वाच," मी म्हणाले.

त्याची मान एकदम ताठ झाली. मग त्याने पान उलटलं आणि तेहतिसाव्या प्रश्नाचं बोलणं वाचायला घेतलं. त्या दिवशी मला एकतीस मिळाले.

*

बेंगळूरला परीक्षेत दोन उत्तरं सुरुवातीलाच हुकली. कान बंद होतात की काय असं वाटलं. मी ती दोन सोडून दिली आणि पुढे गेले. त्यापलीकडे मला त्या हॉलचं काही आठवत नाही.

परत आले तर प्रज्योत नाही. मंगळवारी नाही, शुक्रवारी नाही. सामानाला दुसराच कुणी येत होता. फोन लागला तर नुसता "पाहुणे हायत गं" म्हणायचा. निकालाची काळजी करावी की त्याची, हे ठरवता ठरवता माझं अन्नपाणी तुटलं.

निकाल मोबाईलवर आला तेव्हा मी लसी मोजत होते. ऐकणं साडेसात. वाचन सात. लेखन आणि बोलणं, दोन्हींतही पुरेसे. दवाखान्यात सगळ्यांनी माझे गाल ओढले. मला आनंद झाला, खूप झाला. आणि हे ज्याला आधी सांगायचं तोच नाही, हे आठवलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी गणेशगुडीची बस पकडली.

तो नदीकाठी पाहुण्यांची जॅकेटं दोरीवर वाळत घालत होता. मला बघून त्याच्या हातातलं जॅकेट खाली पडलं.

"मिळाले?" त्याने विचारलं.

"मिळाले. जुलैत जायचं. तीन वर्षांचा करार."

"मस्त झालं," तो म्हणाला, आणि खरंच हसला. डोळे मात्र हसले नाहीत. "मी आडवा न्हाई येणार, सुनयना."

"पावसात काय म्हणालास ते मी ऐकलं होतं."

त्याने पडलेलं जॅकेट उचलून झटकलं.

"सगळं ऐकलं होतं. परीक्षेपायी बोलले न्हाई. आता सांगते... माझाबी जीव जडलाय. मला जायचंय, आणि मला तू पाहिजेस. ह्यातलं एक निवड म्हणालास तर मला जमणार न्हाई. रातदिस काळजी करकरून मरेन मी."

त्याने जॅकेट दोरीवर टाकलं. "मी ही नदी सोडून तिकडं न्हाई जगणार," तो म्हणाला. "पर तीन वर्षं काय... मी हितंच हाय की. कुठं जातोय?"

"मग हे असं नदीकाठी सांगून भागणार न्हाई. माझ्या आईला सांग. आज."

नंदिगड्ड्याच्या आमच्या ओसरीवर आई, अनुसया तिचं नाव, चिंचा फोडत बसली होती. बाबा गेल्यापासून घरातली सगळी लहानमोठी बोलणी तिच्यासमोरच होतात. प्रज्योत तिच्यासमोर बसला. गोऱ्या पाहुण्यांना हसवणारा हा माणूस, पण "मावशी..." एवढंच म्हणाला आणि त्याची वाचा बसली. मग मीच सांगितलं. निकाल, जुलै, तीन वर्षं, आणि हा.

आईने चार-पाच चिंचा फोडल्या. तेवढ्यात मी शंभरदा मेले.

"तुला जायचंय न्हवं?" तिने मला विचारलं.

"व्हय."

"आणि ह्याला सोडायचं न्हाई?"

"न्हाई."

"मग दोन्ही कर की. जायच्या आधी साखरपुडा उरकू." तिने आणखी एक चिंच हातात घेतली, प्रज्योतकडे पाहिलं आणि थबकली. "पर हा का रडालाय गं?"