पुढच्या एप्रिलचा रंग

मी फळीचं एक टोक धरून ओढलं, तर फळी हलेचना. दुसरं टोक एका उंच, चष्मेवाल्या माणसाच्या हातात होतं.

"माफ करा हं, पण ही मी आधी बघितली होती," तो म्हणाला.

"बघितली असेल. धरली मी आधी."

त्याच्या काखेत जुन्या फळीचा तुकडा होता, चांगला मुरलेला, तांबूस तपकिरी. आणि वखारीतली ही नवी फळी अगदी फिकट, गुलाबीसर. बिचारा सकाळपासून जोडी शोधत असणार!

"शंभर फळ्या चाळल्यात तरी जुळायची नाही," मी म्हटलं. "चेरीचं लाकूड उजेडात पिकतं, गडद होत जातं. तुमचं पिकलेलं आहे, हे कोवळं."

"तुम्हाला बरीच माहिती दिसते!"

"या गावातल्या निम्म्या घरांची लाकडी जमीन मी आणि माझ्या पपांनी बसवलीय. मी डेलिया मार्कुची."

"नेल्स हॅगबर्ग. शाळेत बँड शिकवतो. आणि मी... एक भिंत पाडलीय."

इतक्या अपराधी चेहऱ्याने म्हणाला की मला हसूच फुटलं. भिंत स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमधली होती. ती गेली आणि जमिनीत वीतभर रुंदीचा उघडा पट्टा राहिला. नेल्सला पिट्सबर्गच्या शाळेत नोकरी मिळाली होती, घर विकायचं होतं. शनिवारी फोटोवाला येणार, त्याच्या आत पट्टा बेमालूम जुळायला हवा. मी काम घेतलं. तो गाव सोडून जाणार, याच्याशी तेव्हा माझा काय संबंध होता?

मंगळवारी फळ्या बसवल्या. बुधवारी रंग ठरवायचा, तर पाऊस!

"आज रंग ठरवायचा नाही," मी खिडकीतून बघत म्हटलं. "ढगाळ उजेडात सगळंच जुळल्यासारखं वाटतं आणि ऊन पडलं की फजिती होते."

"मग आता?"

"आता वाट बघायची."

"वाट बघताना वेलदोड्याचा पाव चालतो का? मी केलाय."

चालला. चांगले तीन तुकडे चालले. गुरुवारीही पाऊस होता, तरी मी गेले... रंगाच्या बाटल्या घेऊन, म्हणजे कामालाच गेले म्हणायची सोय. निघताना पपा मिशीत हसले.

"आईच्या कानातले डूल घालून पॉलिश करतात वाटतं हल्ली?"

"पपा, गप्प बसा हो!"

त्या दिवशी मी चकाकी तपासली. त्यासाठी पालथं पडून, गाल जमिनीला टेकवून उजेडाच्या दिशेने बघावं लागतं. जुनी जमीन मंद होती, माझा पॉलिश लावलेला नमुन्याचा तुकडा जरा जास्तच झळकत होता.

"काय दिसतंय?" म्हणत नेल्सही समोर पालथा पडला. चष्मा सरकून कपाळावर गेला. आमच्या नाकांत वीतभरच अंतर... त्या पट्ट्याएवढंच!

"चकाकी... जास्त आहे," मी कसंबसं म्हटलं.

"हो ना," तो म्हणाला. पण तो जमिनीकडे बघतच नव्हता.

घरी जाताना मला रडू आलं. शनिवारी फोटो, मग गिऱ्हाईक, मग पिट्सबर्ग. आणि हे सगळं मीच, माझ्याच हाताने जुळवून देत होते.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. मी दोन नमुने पट्ट्यावर ठेवले. एक गडद, जुन्या जमिनीत मिसळून गेलेला. दुसरा नुसतं तेल दिलेला, फिकट.

"हा गडद उद्या जुळेल," मी म्हटलं. "फोटोत पट्टा शोधून सापडायचा नाही. पण खाली लाकूड पिकतच राहणार. वर्षभरात तिथे काळी रेघ उमटेल."

"आणि हा?"

"हा उद्या उठून दिसेल. पण पुढच्या एप्रिलपर्यंत आपोआप जुळेल." मी दोन्ही तुकडे त्याच्याकडे सरकवले. "तुम्हाला उद्याचा हवाय, ठाऊक आहे मला. पण सांगितलं नसतं, तर झोप लागली नसती. आणि... तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं, तेही सांगून टाकते. त्याचा या रंगाशी काही संबंध नाही."

त्याने गडद तुकडा बाजूला सारला.

"एप्रिलचा लाव," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीत!

"अहो, पण उद्या फोटोवाला—"

"त्याला काल संध्याकाळीच नको म्हणून कळवलं. तू गेल्यावर. पिट्सबर्गलाही." त्याचे कान लाल झाले होते. "तुला सांगायला सकाळपासून शब्द जुळवतोय. ते काही जुळेनात."

मी ब्रश उचलला. तेलाचा डबा उघडायचाच राहिला होता, म्हणून परत ठेवला.

"पण जुळलं की नाही ते बघायला एप्रिलमध्ये तुला यावं लागेल," तो म्हणाला.

"एप्रिलपर्यंत कोण थांबतंय? कोवळ्या लाकडावर लक्ष ठेवावं लागतं. दर महिन्याला."

"महिन्याला?" त्याचा चेहरा उतरला.

"बरं... दर रविवारी," मी म्हटलं. "पाव असेल तर."