आधी बोलणारा डबा

बसा. कूलर लावते. तुमच्या आईसाठी तसाच डबा बनवून पाहिजे म्हणता ना? बनवायला काही नाही हो, आठवडाभराचं काम. पण आधी ऐकून घ्या, मग ठरवा. आणि मधे मधे बोलू नका, कॉलेजात वर्गावरही मला ते चालत नाही.

माझे बाबा, मोतीराम मास्तर, तेल्हाऱ्याला राहतात. शाळेतून निवृत्त झाले तरी विहारात वंदना तेच घ्यायचे, आणि त्यांना माईक कधी लागला नाही. मी लहान असताना वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हाक मारायचे, ‘प्रियदर्शनी!’ अख्खं नाव, एक अक्षर न खाता. मी कपाशीच्या पराटीत कुठंही असले तरी ऐकू यायचं. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि मागं उरली नुसती कुजबुज. मला ती हाक पुन्हा एकदा ऐकायची होती. इलेक्ट्रॉनिक्स शिकवते मी, तेवढं जमलं नाही तर काय उपयोग?

बाजारातला ॲम्प्लिफायर आणून पाहिला. इतका बारीक आवाज मोठा करायचा म्हटलं की त्याच्यासोबत विजेची घरघरही मोठी होते, कधी रेडिओसुद्धा घुसतो. म्हणून मी पूर्ण डिजिटल करायचं ठरवलं. म्हणजे असं, आवाज माईकमध्येच आकड्यांत बदलतो आणि शेवटपर्यंत आकडेच राहतात. सगळ्यात शेवटी एक खटका, सेकंदात लाखो वेळा चालू-बंद होणारा, त्याच्यापुढं तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि मग स्पीकर. वेटोळं मी स्वतः गुंडाळलं, इथंच, अमरावतीत, राजापेठेतल्या या खोलीत, पेपर तपासायचे सोडून. बाहेरचं काही आत शिरायला त्या डब्यात फटच नव्हती. हे सांगून ठेवते, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल, कुठलं तरी स्टेशन लागलं असेल.

डबा घेऊन तेल्हाऱ्याला गेले. बाबांच्या खुर्चीच्या हाताला माईक लावला. बाबांनी ओठ हलवले आणि स्पीकरमधून स्वच्छ आलं, “चाहा ठेव वं.”

आई, चतुराबाई, चुलीपासून धावत आली. डोळे पुसले आणि लगेच कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “झालं! आता पुन्हा दिवसभर हुकूम!”

तो दिवस फार चांगला गेला. हाक मात्र नव्हती, बोलणं होतं. हाकेसाठी आवाज आणखी वाढवावा लागणार होता. पुढच्या खेपेला तो वाढवला, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. मग आईनं मला बाजूला घेतलं.

“पोरी, तुयावाला डब्बा आंधी बोलते, अन् हे मांगून तोंड हालवतेत.”

मी हसले. आई, म्हटलं, उलटं असतं ते. डब्याला आकडेमोड करायला वेळ लागतो, म्हणून तोच मागं राहतो, केसभर का होईना. तरी मोजलं. मोजायची रीत सोपी आहे. माईकसमोर टाळी वाजवायची. लॅपटॉपवर दोन शेंडे दिसतात, पहिला टाळीचा आणि दुसरा स्पीकरचा. माझ्याकडे स्पीकरचा आधी आला. कोणताही शहाणा माणूस जे समजेल तेच मी समजले, की वायरी उलट लागल्या. अदलाबदल केली. तरी स्पीकर आधीच. अमरावतीत बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून रजा टाकून दोन दिवस तिथंच राहिले आणि सगळं उकलून पुन्हा जोडलं. आवाज जितका वाढवावा तितका डबा पुढं जायचा, एवढंच कळलं.

मग मी काय केलं? आमच्या धंद्यातला माणूस करतो तेच. प्रोग्राममध्ये उशीर घातला. आलेला आवाज जरासा धरून ठेवायचा आणि मग सोडायचा. ओठ आणि आवाज जुळले, आई गप्प झाली. बाबांचा घसा दिवसेंदिवस उतरत होता, मी आवाज वाढवत होते, उशीर वाढवत होते. आधी डोळ्याची पापणी लवेल एवढा, मग एक घोट पाणी पिता येईल एवढा, मग चहा उकळेल एवढा. भीती वाटली का म्हणाल तर नाही. खोटं कशाला बोलू, मला मजा वाटत होती. न कळलेली गोष्ट दुरुस्त करता आली की माणसाला ती कळल्यासारखीच वाटते.

या उन्हाळ्यात गेले तेव्हा बाबांची कुजबुजही जवळपास संपली होती. त्यांनी बोटानं दाखवलं, वाढव. मी डबा पूर्ण क्षमतेवर नेला. दुपारी जेवून ते आतल्या खोलीत झोपले. आई शेजारच्या दुर्गाबाईकडे पापड लाटायला गेली. उशीर नव्यानं मोजायचा होता, म्हणून मी तो प्रोग्राममधून साफ काढून टाकला आणि माईकसमोर बसले. तेवढ्यात लाइन गेली. डबा बॅटरीवर होता, त्याला काही झालं नाही. कूलर थांबला, ओल्या वाळ्याचा वास खोलीत तसाच राहिला. बाहेर उन्हात कुत्रंही नव्हतं.

स्पीकरमधून पंख्याचा आवाज येत होता... मी वर पाहिलं. आमचा पंखा थांबलेला होता.

मी टाळी वाजवली. स्पीकरमधून टाळी आली नाही. पावलं आली. पुष्कळ पावलं, दाराशी चपला काढल्याचा आवाज, कुणीतरी सतरंजी झटकली. मग एक बाई रडली... आपल्या आईचं रडणं ओळखायला कान लावावा लागत नाही.

मला वाटलं, बाबा. दुसरं काय वाटणार? उठून आत गेले. ते झोपले होते, छाती वरखाली होत होती. मी दाराला धरून उभी राहिले. ज्या माणसासाठी एवढा खटाटोप केला, त्याच्याच मरणाची खबर माझ्याच डब्यानं मला आधी द्यावी, याचा संतापही आला. बंद करावा म्हणून परत बाहेर आले, बटणावर बोट ठेवलं.

“प्रियदर्शनी!”

बाबा. कुजबुज नाही. धुऱ्यावरची हाक, अख्खं नाव. स्पीकरचा कागद फडफडला, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर थरथरला. मेलेलं माणूस हाक मारत नाही. आणि फाटलेल्या घशातून असा आवाज माणूस कधी काढतो, ते मला तेव्हा कळलं.

“प्रियदर्शनी! ऊठ ना वं माय... ऊठ ना...”

मागून आई. “तिले हाका नका मारू... आता कुठी आयकते ते...”

मी खाली बसले. दोन वर्षं जे ऐकायचं होतं ते ऐकलं, आणि कान झाकावेसे वाटले. आत बाबा शांत घोरत होते.

त्याच दिवशी डब्याचा आवाज अगदी खाली आणला. बाबा खुणेनं विचारतात, काहून कमी केला. मी म्हणते, पार्ट खराब झाला, मिळत नाही. आता मी त्यांच्या तोंडाशी कान नेते, ते बोलतात, अर्धं कळतं. चाललंय. ते ऐकलेलं किती पुढचं होतं हे मोजता आलं नाही, माझी टाळी त्यात सापडलीच नाही. उद्याचं असेल, दहा वर्षांनंतरचंही असेल. दर रविवारी तेल्हाऱ्याला जाते. न जाऊन काय करू? बाप वाट पाहतो.

मी स्वतःला डॉक्टरकडे दाखवून घेतलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणतात. तसं मरणाचं मला एवढं काही वाटत नाही. मरणार तर सगळेच. पण बटण दाबायच्या आधी आणखी एक वाक्य आलं होतं, ते आईलाही सांगितलं नाही.

बाबांच्या हाकेनंतर कुणीतरी उत्तर दिलं. रडण्याच्या गलक्यात, अगदी सावकाश. “आयकते ना, बाबा... इथंच हाये मी.”

आवाज माझा होता, त्यात शंका नाही. आणि माईकच्या फार जवळून होता, बाबांपेक्षाही जवळून. एवढ्या जवळ तोंड नेऊन ‘बाबा’ म्हटलं की हवेचा धक्का बसतो, फट् असा आवाज येतोच. कितीही सांभाळून बोला, श्वास आहे तोवर तो येणारच. मी तेवढंच ऐकत होते, कान देऊन. तो आला नाही.