रांधणारीचं ताट

ओंकारनं स्टँडजवळ उभ्याउभ्या कटवडा खाल्ला, आणि तो घरी पोचायच्या आत साळी गल्लीतल्या त्याच्या दारावरचा हिरवा दिवा पिवळा झाला होता.

त्याची आई, सुलभाआक्का, उंबऱ्यातच बसली होती. "कुणाकडचा खाल्लास?"

"एकच खाल्ला."

"किती खाल्लास ते नाही विचारलं. कुणाकडचा ते विचारलं."

"स्टँडावरच्या गाड्यावरचा."

"मग निदान चांगला तरी असंल. दिवा घालवायचाच तर चांगल्या वड्यावर घालवावा."

आतून केतकी हसली. केतकी म्हणजे ओंकारची बायको. त्या भागातल्या रीतीप्रमाणं ती सासूला आत्या म्हणायची. "आत्या, त्याला आज मेथी आणि ज्वारीची भाकरी वाढते. दोन दिवसांत दिवा जाग्यावर येतोय."

ही जादू नव्हती. ओंकारच्या अक्कलदाढेला तांदळाच्या दाण्याएवढा एक तुकडा चिकटवलेला होता. गल्लीत त्याला दातकण म्हणत. तोंडात जे जाईल त्यातली साखर, मीठ, तेल, लोह, सगळं तो लाळेतून ओळखायचा आणि गल्लीच्या गणकयंत्राला कळवायचा. गणक त्यावरून एकच अंदाज काढायचा: हा माणूस असाच खात राहिला तर म्हातारपणापर्यंत दवाखान्यात किती पैसा घालवेल? अंदाज कमी झाला की घराचा दिवा हिरवा. आणि दिवा हिरवा राहिला की आरोग्यभिशीतला त्या घराचा म्हातारपणाचा वाटा वाढायचा.

ही भिशी सुलभाआक्कानं उभी केली होती. तिचं कौतुक करायला इचलकरंजीत कुणाला वेळ झाला नाही, म्हणून इथं करतो. तिचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत संपला. दारूनं नाही, सुपारीच्या खांडालाही तो कधी शिवला नव्हता. सकाळी चहात बुडवलेलं बेकरीचं बटर, दुपारी चहा, खारी, पुन्हा चहा, आणि रात्रपाळीला भडंग. साखर वाढली, मूत्रपिंडं गेली, आणि रक्त धुऊन घ्यायच्या फेऱ्यांत घरचे माग एकेक करून विकले गेले. माणूस दारूनं मेला तर गाव बोंब मारतं. चहातल्या साखरेनं मेला तर नशीब म्हणतं. आणि त्या नशिबाचं बिल मात्र दवाखाना बायकोच्या हातात देतो.

आक्का रडत बसली नाही. तेराव्याचं जेवण तिनं घातलं नाही. त्या पैशात गल्लीतल्या बायका बोलावल्या आणि म्हणाली, "सोन्याची भिशी केली, भांड्याची केली, आता दवाखान्याची करू. दर महिन्याला पैसे टाकायचे. आजारपणाचं त्यातनं भागवायचं, उरंल ते म्हातारपणाला. आणि उरावं म्हणून खायचं नीट." लोक हसले. सहा वर्षांत बेकरीवाल्यानं गल्लीत यायचं सोडलं, दारादारांत मोड आलेली मटकी दिसायला लागली, आणि ज्यांच्या बापांनी दवाखान्यासाठी माग विकले होते त्यांच्या पोरांनी पुन्हा माग घेतले. हे कुठल्या सरकारनं केलं नाही. दहावी नापास बाईनं केलं.

दुपारी रुबिना मोमीन आली. गणक तीच सांभाळायची. आक्काच्या हाताखाली वाढलेली पोर. आज मात्र ती पाटावर बसली नाही.

"आक्का, भिशी आटायला लागलीय."

"कशानं? दिवे तर सगळे हिरवे हायत. हा एक वडेवाला सोडून."

"दिवे हिरवे आहेत, पण बिलं येतायत. शोभाताईंचं मनगट चादर पिळताना मोडलं. गुंडाळ्यांची सून चक्कर येऊन जिन्यावरनं पडली. कुणाला रक्त चढवायला लागतंय, कुणाची हाडं ठिसूळ. सगळ्या बायका."

"बायकांना नजर लागली म्हणतीस?"

"ज्यांच्या तोंडात दातकण नाही त्या बायका, आक्का."

दातकण कुणाला बसवायचा हे आक्कानंच ठरवलं होतं. दातकण महाग. म्हणून तो कमावणाऱ्यांना आणि पोरांना बसवला. रांधणाऱ्या बाईला कशाला? चूल एक, तर हिशेबही एक. ती जे सगळ्यांना वाढते तेच खात असणार. घराचा जो आकडा येईल तोच गणक तिच्या नावावर मांडायचा.

"रविवारी विमा कंपनीचा माणूस येतोय," रुबिना म्हणाली. "भिशी चालवायला घेतो म्हणतोय. एकच अट आहे. दातकण नसलेली माणसं बाहेर काढायची."

"तुझं गणक चुकलंय," आक्का म्हणाली. "तुझ्याकडं जादा दातकण असंल तर आमच्या केतकीला बसव. आठवडाभर ठेव. आमच्या घरासारखं ताट गल्लीत कुणाचं नाही. मग बोलू."

केतकीनं हात पुसले आणि मुकाट तोंड उघडलं.

आठवडा तसाच गेला जसे सगळे आठवडे जातात. केतकीनं नाचणीचं आंबील केलं, घेवडा केला, अंडी उकडली. ओंकारला वाढलं, लेकीला वाढलं, आत्यांना वाढलं. कुणी आणखी एक अंडं मागितलं तर दिलं. सगळे उठले की ओट्याला टेकून उभ्यानंच तिनं उरलेलं खाल्लं. उरलेलं म्हणजे बहुतेक वेळा सकाळचा भात, भाकरीचा करपलेला तुकडा, आणि भाजी संपली असेल तर चहा. भाजी बहुतेक वेळा संपलेली असे. घरच्यांनी हे पाहिलं नव्हतं असं नाही. रोज पाहिलं होतं. रोज दिसणारी गोष्ट माणसाला दिसत नाही, आणि ज्याचं पोट भरलेलं असतं त्याला तर मुळीच दिसत नाही.

शनिवारी रुबिनानं आकडा आणला. तिनं दाराबाहेर जाऊन वर बघितलं, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी बघितलं. केतकीचा खरा आकडा घराच्या हिशेबात धरल्याबरोबर सहा वर्षं हिरवा असलेला दिवा लाल झाला होता.

आक्का भडकली. आणि सहसा जिच्यावर भडकणं सोपं असतं तिच्यावरच भडकली. "तुला कुणी नको म्हटलं होतं का खायला?"

"नाही," केतकी म्हणाली. "पण कुणी खाल्लंस का म्हणून पण विचारलं नाही."

"अगं, मग जास्त करायचं."

"जास्त केलं की उरतं, आत्या. उरलं की टाकायला लागतं. तुम्हीच म्हणता ना, टाकलेलं अन्न म्हणजे टाकलेला पैसा. मी टाकला नाही. खाल्ला." ती जराशी हसली. "मला वाटलं, मी भिशीचा पैसाच वाचवायलेय."

ओंकार दाराला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मला सांगायचं तरी."

"तू वडा खाल्लेला सांगतोस का?"

रविवारी बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये गल्ली जमली. कंपनीचा माणूस चांगला बोलणारा होता. त्यानं भिंतीवर दोन उजळ आकडे दाखवले. रांधणाऱ्या बायकांसकट भिशी चालवली तर म्हातारपणी मिळणारा वाटा, आणि त्यांच्याशिवाय. दुसरा आकडा इतका मोठा होता की पुढच्या रांगेतले पुरुष सरसावून बसले. आपली बायको त्या आकड्यातून वजा झालीय हे त्यांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. कळत होतं. तरी सरसावले.

"आम्ही कुणाला दोष देत नाही," तो म्हणाला. "जे मोजता येत नाही त्याची जोखीम आम्हाला घेता येत नाही, एवढंच. बायकांच्या कामाबद्दल आम्हाला फार आदर आहे."

"आदर ठेवा पिशवीत," आक्का उठली. "माझ्या घराचा दिवा सहा वर्षं हिरवा होता. का माहितीय? लाल सगळा हिच्या एकटीच्या ताटात जात होता. आमची तब्येत हिच्या उपाशी राहण्यावर चाललीय. ही उद्या आडवी झाली की दुसऱ्या दिवशी ओंकार कटवड्यावर, पोरगी खारीवर, आणि मी ओंकारच्या बापाच्या वाटंनं. तुम्ही हिला काढा म्हणता. हिला काढल्यावर राहतंय काय? तुमचा आकडा खाऊ आम्ही?"

"मग मोजायला लागतील सगळ्या," रुबिना म्हणाली. "प्रत्येकीला दातकण. महिन्याचे पैसे वाढतील. वाटा काही वर्षं खाली जाईल."

"जाऊ दे खाली. आणि एक नियम. ज्या घरात रांधणारीचं ताट पहिलं वाढलं जात नाही, ते घर भिशीत नाही. ज्याला मान्य त्यानं हात वर करा."

बायकांचे हात वर गेले. पुरुष मांडीवरच्या हातांकडं बघत राहिले, जणू ते हात दुसऱ्याचे होते.

तेव्हा केतकी उभी राहिली. तिचा आवाज लहान होता, पण शेडमध्ये माग बंद असल्यामुळं नीट ऐकू आला. "ज्यांचे हात खाली आहेत त्यांनी तसेच ठेवा. फक्त उद्यापासून आपापला डबा आपापल्या हातानं करा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. एकेक हात वर जायला लागला. ओंकारचा आधीच वर होता, हे नोंदवायला हवं. कंपनीच्या माणसानं भिंतीवरचे आकडे विझवले आणि चहाही न घेता गेला. तसाही त्या गल्लीत बिनसाखरेचाच मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी पहिलं ताट वाढलं गेलं. आक्कानं स्वतः वाढलं: मेथीची भाजी, मटकी, उकडलेलं अंडं, काकडी, गरम भाकरी. केतकीला पाटावर बसवलं. दारावर लाल दिवा होता. तो हिरवा व्हायला किती दिवस लागतील ते रुबिनाला विचारलं तर ती म्हणाली होती, हाडांना विचारा.

सगळे बघत होते. केतकीनं घास मोडला आणि तो हातातच राहिला. लेक म्हणाली, "आई, खा ना." केतकीला कळेना, आधी कसं जेवतात. भाजी कुणाला पुरेल, अंडी किती आहेत, लेकीचं दप्तर भरलंय का, सगळं त्या एका घासात येऊन बसलं होतं. तिनं डोळे मिटले आणि घास तोंडात घातला. गरम होता. गरम भाकरी कशी लागते हे ती विसरली होती.

तेवढ्यात वास आला. तव्यावर दुसरी भाकरी होती, आणि तिची एक कड काळी पडायला लागली होती. केतकी सवयीनं पाटावरून अर्धी उठली.

"बस," आक्का म्हणाली.

ती बसली. तव्यावरून धूर निघायला लागला. आक्कानं तव्याकडं बघितलं, लेकीनं तव्याकडं बघितलं, ओंकारनंही बघितलं. भाकरी करपत होती, आणि पहिल्यांदाच त्या घरात सगळ्यांना एकाच वेळी एकच प्रश्न पडला होता: आता उठायचं कुणी?