जिजाबाईचा अर्धा खडा

ऑपरेशन थिएटरच्या दारातून नर्सने पित्ताच्या खड्यांची छोटी बाटली बाहेर धरली आणि दोन हात एकदमच पुढे आले, एक पेशंटच्या मुलाचा, दुसरा मयुरीचा.

"हे माह्या आईचं आहे," तो म्हणाला.

"हो, माहीत आहे. मला त्यातला एक खडा हवा होता."

"काऊन?"

"दळायला," ती म्हणाली.

त्याने बाटली छातीशी धरली.

मयुरीला वाटलं, आपण नीट सांगायला हवं होतं. वर्ध्याच्या एका मेडिकल कॉलेजात ती पित्ताशयातल्या खड्यांवर संशोधन करत होती. खडा कशाचा बनतो, कसा वाढतो, हे ती प्रयोगशाळेत तपासायची. ऑपरेशन झालं की खडे नातेवाइकांच्या हातात द्यायची रीत. लोक ते घरी नेतात, शोकेसमध्ये ठेवतात. म्हणून तिला असं दारातच उभं राहावं लागे.

तिने सगळं सांगितलं. त्याने ऐकलं की नाही, कळेना. त्याचा चेहरा उतरला होता. धम्मदीप त्याचं नाव. कारंजा घाडगेला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. थोड्या वेळापूर्वी डॉक्टर त्याला म्हणाले होते, पित्ताच्या पिशवीची भिंत जाड निघाली, तुकडा तपासायला पाठवतो, रिपोर्ट आठवड्याने. घाबरू नका, असंही म्हणाले. तेव्हापासूनच तो घाबरला होता.

"मॅडम, या खड्यातून समजते का... ते?"

"काय?"

"कॅन्सर."

"नाही. ते दुसरी लॅब बघते. मी फक्त खडा बघते."

त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्याच्या आईने, जिजाबाईने, बाटली उशाशी घेतली होती. आत जांभळाएवढा एक खडा, आणि बाकी बारीक चुरा.

"मनकर्णाबाईचे वाटाण्याएवढे निघाले तं तिनं साऱ्या मोहल्ल्यात मिरवले. माहा हा एवढा मोठा, आन् तू दळून टाकतं म्हनतं?"

"अर्धाच दळते, आई. अर्धा परत देते."

"मंग चालते. पर मोठा अर्धा मले देजो."

मयुरी हसली. धम्मदीपही हसला असता, पण त्याचं लक्ष आईच्या पोटावरच्या पट्टीकडे होतं.

टाके निघेपर्यंत जिजाबाई जवळच बोरगाव मेघेला बहिणीकडे राहिली. धम्मदीप दुकान भावावर सोडून तिथेच थांबला, आणि रोज प्रयोगशाळेच्या दारात येऊ लागला. हातात पिशवी, पिशवीत संत्री.

"आज काही समजलं?"

"मी सांगितलं ना, माझ्या मशीनला ते कळत नाही."

"तरी पण... वाईट दिसून राह्यला का खडा?"

असा माणूस तिला आधी भेटला नव्हता. एकदा तिने त्याला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर बारीक करवतीने खडा चिरला. आत वलयं होती. मधे काळपट ठिपका, त्याभोवती पिवळे थर.

"साखरेचा पाक जास्त घट्ट झाला की भांड्याच्या कडेला कण धरतात ना? तसंच पित्ताचं होतं. एका कणावर थर चढत जातो. आपण जेवलो की पिशवी रिकामी होते. पोट फार वेळ उपाशी राहिलं की पित्त आतच साठून राहतं. तेवढं एकच कारण नसतं, पण..."

"आई माह्या आधी कधीच जेवत नाई," तो म्हणाला. "मी दुकान बंद करून येतो, मंग ताट घेते. किती सांगितलं..."

तो त्या वलयांकडे बघत राहिला. मयुरीला वाटलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. तिने चिमटा उचलला आणि उगाच पुसत बसली.

त्यानंतर तिची झोप उडाली. खड्याची भुकटी मशीनमधून निघाली, आलेख आला. कोलेस्टेरॉल, मधे थोडा पित्ताचा रंग. साधाच खडा. पण साध्या खड्याशेजारी वाईट काही नसतंच असं नाही, हे तिला माहीत होतं. ते तिने त्याला सांगितलं नाही. दुपार झाली की तिचे कान दाराकडे लागायचे. तो यावा असं वाटायचं, आणि रिपोर्ट घेऊन येऊ नये असंही.

शेवटी तो घेऊन आलाच. पाकीट बंद होतं.

"तुमीच वाचा. माह्यानं होत नाई."

तिने पाकीट फाडलं. असे कागद ती रोज वाचायची. आज अक्षरं जागेवर राहीनात. ती पहिली ओळ पुन्हा पुन्हा वाचत होती.

"काय आहे?"

"थांबा ना हो..."

"मॅडम..."

"सूज आहे. जुनी सूज. बाकी काही नाही. काहीच नाही!"

तो बाकावर बसला. दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. मग वर बघितलं, आणि बघतच राहिला. तिच्या हातातला कागद फडफडत होता.

"आई तं माही आहे. तुमचे हात काऊन थरथरून राह्यले?"

"कूलरचा वारा..."

"कूलर तं बंद आहे."

तिने कागद पाठीमागे लपवला.

"मले भेव वाटत होतं," ती म्हणाली. आजवर ती त्याच्याशी पुस्तकातलं बोलायची. हे घरातलं बोलणं होतं.

तिने कापसात गुंडाळलेला अर्धा खडा त्याच्या हातावर ठेवला. आता त्याला इथे यायचं काहीच कारण उरलं नव्हतं. दोघांनाही ते एकदमच कळलं. तो दारापर्यंत गेला, तिथे थांबला.

"एक विचारू? राग येईन तं सांगजो."

"विचारा."

"मी घरी उशिरा येतो. सीझनमध्ये तं लयच उशीर होते. आपलं... म्हंजे समज, आपलं जमलं... तं तू माह्यासाठी जेवायची थांबशीन का?"

उत्तर मयुरीला पाठ होतं.

"अजिबात नाही. भूक लागली की मी जेवणार."

धम्मदीप आठवड्यात पहिल्यांदा मोकळं हसला. "मंग जमते," तो म्हणाला.

टेबलावर त्याचीच संत्री होती. तिने एक सोललं, आणि त्याची वाट न बघता पहिली फोड तोंडात टाकली.