आगाऊ

त्या दिवशी दुपारी मला शिंप्याला घेऊन जायचं होतं, एवढंच काम. शिंपी माझा जुना दोस्त. नुकतंच त्याच्या छातीचं ऑपरेशन झालेलं. वहिनी सोडायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, माझ्या जबाबदारीवर नेतो, नेला तसा आणून देतो. तेव्हा कुठं सोडलं.

जायचं होतं आमच्या फुटबॉलच्या ग्रुपला भेटायला. हा ग्रुप फोनवरचा. जो तो आपापल्या घरी मॅच बघतो आणि कॉलवर बडबडतो. मी आणि शिंपी सोडलो तर तोंडं कुणी कुणाची पाहिलेली नव्हती. त्यात एक जण असा, की आमच्या फोनवर बॉल अजून पायातच असायचा आणि हा हळूच म्हणायचा, "गेला." मग गोल व्हायचा. सगळी मजा घालवायचा. आम्ही समजायचो, याचं नेट जोरात आहे, चित्र याला आधी दिसतं. शिव्या घालून थकलो आणि त्याचं नावच ठेवलं, आगाऊ.

फायनल एकत्र बघायची ठरली, ग्रुपमधल्याच एका फर्निचरवाल्याच्या गोडाऊनमध्ये. तळघर ते. खिडकी नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले सोफे, कुणी जरा हललं की करकरायचे. पॉलिशचा वास डोक्यात चढत होता. दिवे मालवून टीव्ही लावला, त्याच्या निळ्या उजेडात आगाऊ पहिल्यांदा दिसला. मला वाटलं होतं वात्रट पोरगं असेल. हा चाळिशीतला, मान खाली घालून बसलेला, चोरी पकडल्यासारखा. शिंप्यानं त्याला चिडवलं, म्हणाला, टीव्ही एकच आहे, आता बघू कसा पुढं पळतोस. तो हसला नाही.

मॅच सुरू झाली. बराच वेळ काहीच होईना. बॉल मैदानाच्या मधोमध रेंगाळत होता आणि अंधारातून आवाज आला, "गेला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बॉल उजवीकडे आला, उंच उडाला आणि जाळ्यात गेला.

ओरडायला हवं होतं. कुणी ओरडलं नाही. प्लास्टिक तेवढं करकरलं, आगाऊच्या शेजारचा सरकून लांब बसला होता.

दुसऱ्या गोललाही तेच. त्यानंतर टीव्हीकडे कुणी बघेना, सगळे त्याच्या तोंडाकडे.

मॅच संपली. फर्निचरवाल्यानं घाईघाईनं टीव्ही बंद केला आणि भिंतीवर दिव्याचं बटण चाचपडायला लागला. मिट्ट काळोख. शिंप्याचा श्वास माझ्या कानाशी वाजत होता.

आणि आगाऊ म्हणाला, "गेला..."

शिंप्याचा दंड मी घट्ट धरला. "कोण गेला रे?"

"मला दिसत नाही काही, काका. आधी... आवाज ऐकू येतो. लोकांचा ओरडा."

"मग आत्ता काय ऐकलंस?"

"एक बाई होती. रडत होती... अहो... अहो... करत."

"कोणाची बाई? नाव सांग."

"तिनं नाव कुठं घेतलं..."

दिवे लागले. आगाऊ डोळे पुसत होता. बाकीचे सगळे शिंप्याकडे बघत होते. मी त्याला उठवलं, आणि सगळ्यांच्या नावानं बोटं मोडत, एकेक पायरी थांबत वर आणलं. वाटेत सारखा त्याच्या छातीकडे बघत होतो.

वहिनींनी दार उघडलं. "आलास का रे? तोंड बघ कसं उतरलंय. गोळी घे आधी."

मी तिथंच थबकलो. पळून जाऊन लग्न केलेली जोडी ही. पहिल्यापासून अरे-तुरे. वहिनींनी उभ्या जन्मात कधी त्याला अहो म्हटलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. वहिनींना म्हटलं, घ्या, सांभाळा तुमचा माणूस, आणि जिना उतरलो.

खाली येता येता मनात आलं, शिंपी नाही, तर मग दुसरा कोण? गोडाऊनमध्ये बसलेल्या बाकीच्यांच्या बायकाही अहोच म्हणत असतील. म्हणत असोत. मला त्यांचं काय.

घरी पोचलो. दाराला हात लावतो तोच आतून हाक आली, "अहो, आलात का?"

तेव्हापासून रोज हिला सांगतो, मला नावानं हाक मार. ओरडतो, भांडतो, जेवता जेवता उठतो. कारण सांगत नाही. कसं सांगू?

ती हसते. "अहो, या वयात कसली थेरं ही," म्हणते.