नंबराला लावलेले दगड

भागवतनं कारंजाच्या हौदात गुटख्याची पिचकारी मारली, ती वत्सलाबाईंच्या डोळ्यांदेखत. सरपंच झाला म्हणून काय झालं? चुलतीसमोर खिशातून पुडी काढायची, तोंडात रिकामी करायची, आणि त्याच लाल तोंडानं सांगायचं, "मोठ्या आई, हे खंडार आता आठ दिवसांचं पाव्हणं." त्याचं बारसं वत्सलाबाईंनीच केलं होतं. नाव ठेवायला जरा घाई झाली, असं त्यांना आज वाटलं.

"कावून? काय खाल्लं ह्यानं तुझं?" त्या म्हणाल्या.

"नवीन कारंजं बसवायचंय. फायबरचं. दोन हंस, मधी कमळ, लाल-निळे लाइट. गाण्यावर नाचतंय पानी. सोमवारी जेसीबी येतोय."

"आन पानी कुठलं?"

"टँकरनं एकदा भरायचं. तेच तेच फिरत ऱ्हातंय."

"म्हंजी प्यायचं न्हाई. नुसतं बघायचं."

"शो असतो तो, मोठ्या आई."

"तुझ्यासारखा," वत्सलाबाई म्हणाल्या आणि दुधाची रिकामी किटली उचलून चालू लागल्या.

वडगाव हौज हे केज तालुक्यातलं शुक्रवारच्या बाजाराचं गाव, आणि त्याच्या नावातला हौज तो हाच. पेठेच्या मधोमध काळ्या दगडाचा आठ कोनांचा हौद, हौदात पुरुषभर उंचीचा खांब, खांबापासून चार दिशांना हौदाच्या काठाबाहेर आलेल्या चार दगडी तोट्या. निजामाच्या अमलात कुण्या तालुकदारानं बांधलेला. दोन कोसांवरच्या डोंगरातल्या विहिरीचं पाणी मातीच्या खापरी नळांतून यायचं. ना मोट ना इंजन, नुसत्या उताराच्या जोरावर ते खांबाच्या डोक्यावरून हातभर उडायचं. बाजाराला आलेली माणसं इथं तोंड धुवायची, बैलं बाहेरच्या कुंडीला लागायची, नवरदेवाची घोडी थांबायची. केजच्या कचेरीतला साहेब दौऱ्यावर आला की आधी इथं टोपी काढून डोकं भिजवायचा, मग चावडीत बसायचा.

वत्सलाबाई लग्न होऊन आल्या तोवर उडणारं पाणी खाली बसलं होतं. एकट्या उगवतीच्या तोटीतून करंगळीएवढी धार सकाळी दोन तास यायची. बहात्तरच्या दुष्काळात एका सकाळी तीही तुटली. पुढं टाकी आली, बोअर आले, टँकर आले, घरोघर नळ आले, आणि सगळ्यांनी आळीपाळीनं दगा दिला. कारंजं मात्र एकदा कोरडं पडलं ते पडलं. उगाच आशा लावून ठेवली नाही. हा त्याचा स्वभाव वत्सलाबाईंना पटत असे.

दिवाळी होऊन गेली होती. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, दारोदार कुलपं. मागं राहिलेली म्हातारी माणसं आणि दुकानदार. अशा गावात मंगळवारी सकाळी, हॉटेलात दूध घालून परत येताना, वत्सलाबाईंना कारंजापाशी दगडांची रांग दिसली.

उगवतीच्या तोटीपासून निघून ती पिंपळाच्या पारापर्यंत गेली होती. एकामागं एक, सारख्या अंतरानं. त्यांनी मोजले. एकतीस.

दुसरी कुणी असती तर पोरांचा खेळ म्हणून पुढं गेली असती. वत्सलाबाई दुसरी इयत्ता शिकलेल्या, पण हे वाचायला शाळा लागत नव्हती. हे नंबराचे दगड होते. धार बारीक झाली तेव्हा गावानं काढलेली रीत. प्रत्येक बाईचा आपला एक खुणेचा दगड. संध्याकाळी तो रांगेत ठेवायचा, सकाळी रांग सरकेल तसा सरकवायचा, घागर भरली की दगड घरी नेऊन उंबऱ्याशी ठेवायचा. दुसरीच्या दगडाला हात लावायचा नाही, मग ती सवत का असेना. आणि बाई मेली की तिचा दगड ओढ्यात सोडायचा. मेलेल्या बाईचा दगड परत नंबराला लागत नाही.

हा पाटलाच्या सुनेचा, गारगोटीचा. हा सोनारणीचा, फुटका वरवंटा. हा हिरव्या रंगाचा मैनुद्दीनच्या आजीचा. एकेक दगड ओळखीचा, आणि एकाही दगडाची मालकीण जिवंत नव्हती.

सोळावा दगड म्हणजे जात्याची अर्धी पाळ होती. तिच्यावर छिन्नीच्या तीन रेघा. वत्सलाबाईंची सासू, रुक्मिणीबाई, हिचा. ज्या सकाळी धार तुटली त्या सकाळी पुढचा नंबर रुक्मिणीबाईंचा होता. घागर तोटीखाली लावायची आणि पाणी थांबायचं, असं झालं. बाकीच्या बायांनी महिन्याभरात दगड नेले. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "माजा नंबर हाय. भरल्याबिगर मी दगड उचलणार न्हाई." वर्षभरानं त्या गेल्या. ती पाळ वत्सलाबाईंनी स्वतः, दोन्ही हातांनी, ओढ्याच्या डोहात सोडली होती.

पाळीच्या मागं रांगेत एक मोकळी जागा होती. एकच दगड मावेल एवढी. त्यापुढं पुन्हा दगड.

त्या जागेवर कुणाचा नंबर होता, हे वत्सलाबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. सोळा वर्षांच्या सुनेला सासू आपल्या मागंच उभी करायची.

शेजारच्या साखराबाईही तिथं आल्या होत्या. त्या काळातल्या दोघीच उरलेल्या. साखराबाईंनी रांग बघितली, तोंडाला लुगडं लावलं.

"वत्सला, म्या काई बघितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तू बी बघू नको."

"माजे डोळे हायत, मी बघन."

साखराबाई घरी गेल्या आणि दार लावून घेतलं.

वत्सलाबाईंना भुताखेतांचा कंटाळा होता. काम न करता घाबरवणारं कुणीच त्यांना आवडत नसे. त्यांनी आधी माणसांचा हिशोब लावला. भागवत? त्याला खुणा कुठल्या माहीत. साठीच्या आतल्या कुणालाच त्या माहीत नव्हत्या. मग त्यांनी मोटार दुरुस्त करणाऱ्या मैनुद्दीनला बोलावलं. त्याच्या आज्यानं खापरी नळ सांभाळला होता म्हणून सगळा गाव त्या घराला कारंजवाले म्हणे. मैनुद्दीननं रस्त्याकडेला हातभर उकरलं, नळ उघडा केला, खांद्यापर्यंत हात घातला.

"मावशी, धूळ हाय आत. मुळ्या हायत. पुढं तर रोडवाल्यांनी तोडूनच टाकलाय. ह्यातनं आता मुंगी बी न्हाई यायची."

संध्याकाळी वत्सलाबाईंनी चुलीतली राख चाळली आणि सगळ्या रांगेभोवती पसरली. ज्याला यायचं त्यानं पाय दाखवून जावं.

बुधवारी सकाळी राखेत एकही पाऊल नव्हतं. पुढचे तीन दगड गेले होते. उरलेले सगळे पुढं सरकले होते, मोकळी जागाही त्यांच्याबरोबर सरकली होती. तोटीखालच्या राखेत तीन गोल उमटले होते. घागरीच्या बुडाएवढे. वत्सलाबाईंनी एका गोलात बोट टेकवलं. ओल होती.

गेलेले तीन दगड त्यांना कुलूपबंद घरांच्या उंबऱ्याशी सापडले. ज्याचे त्याच्या दारात. गारगोटीच्या खाली फरशी भिजलेली होती.

गुरुवारी आणखी तीन गेले. वत्सलाबाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. रोज तीन. रविवारपर्यंत पंधरा. सोळावा दगड सोमवारी पहिला लागणार होता. सोमवारी जेसीबी येणार होता.

पन्नास वर्षं थांबलेला नंबर, आणि हा पिचकाऱ्या मारणारा पोरगा तो एका सकाळीत मोडणार? त्यांच्या अंगात जे चढलं ते भय नव्हतं. तो संताप होता, आणि त्यानं त्यांची गुडघेदुखी निम्मी केली.

शुक्रवारी बाजार भरला. भाजीवाल्यांनी पालं मांडली ती रांग सोडून. कुणी सांगितलं नव्हतं. बांगडीवाल्या सुरैयानं टोपलं ठेवताना दोनदा जागा बदलली आणि मैनुद्दीनला म्हणाली, "इथं गर्दी लई हाय." तिच्या आजूबाजूला दहा हातांवर माणूस नव्हतं.

शनिवारी भागवतनं सगळे दगड ट्रॉलीत भरले आणि शिवेवरच्या खदानीत नेऊन टाकले. रविवारी सकाळी रांग जागेवर होती. तीन दगडांनी कमी.

तो तणतणत घरी आला. "मोठ्या आई, हे तुमचंच काम!"

"मी उचलले? खदानीतनं?" वत्सलाबाई ताक घुसळत होत्या. "माज्या गुडघ्याला सांग बाबा, त्याला लई आनंद होईल."

"उद्या पाडणार म्हंजी पाडणार."

"उद्या माजा नंबर हाय," त्या म्हणाल्या. "येतेच मी."

सोमवारी त्यांनी इरकल नेसली. तांब्याची घागर चिंच लावून घासली. रांजणाच्या बुडाशी टेकण म्हणून पडलेला आपला दगड काढला. भुरा, कडेला डांबराचा ठिपका. सून म्हणाली, "आत्या, लोक हसतील." वत्सलाबाई म्हणाल्या, "हसू दे. दात तरी दिसतील त्यांचे."

रांगेत आता सोळा दगड होते. जात्याची पाळ अगदी तोटीखाली आली होती. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी आपला दगड ठेवला. तो तिथं बसला, जागा ना कमी ना जास्त. त्या घागर घेऊन उभ्या राहिल्या.

नऊ वाजता जेसीबी आला. भागवत नारळ घेऊन आला. पंचायतीची माणसं आली, हॉटेलातले कप हातात घेऊन लोक आले. साखराबाईंचं दार बोटभर उघडलं.

"बाजूला व्हा, मोठ्या आई."

"नंबर सोडून?"

"कसला नंबर? पन्नास वर्षं पानी न्हाई ह्याला!"

"म्हणून तर लांब लागलाय."

काही जण हसले. भागवत हसला नाही. त्यानं ड्रायव्हरला हात केला. जेसीबीचा पंजा वर गेला.

तेव्हा खांब खाकरला.

म्हातारा माणूस सकाळी घसा साफ करतो तसा, खोलवरून. हसणं थांबलं. मैनुद्दीन हौदात उतरला, त्यानं खांबाला कान लावला. त्यानं कान काढला आणि पुन्हा लावला.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "वर येतंय."

तोटीतून आधी धूळ आली. मग गार वारा. मग लाल पाणी. मग स्वच्छ, करंगळीएवढी धार.

ती खाली पडली नाही.

तोटीपासून निघाली आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर संपली. तिच्याखालचा दगड कोरडा होता.

आवाज मात्र येत होता. घागर भरण्याचा. आधी तळाशी खणखणीत, मग घुमणारा, मग पाणी गळ्याशी चढताना बारीक, आणखी बारीक. पेठेतल्या एकूण एक बाईला तो आवाज ठाऊक होता.

आवाज काठाशी येऊन थांबला. क्षणभर धार सरळ दगडावर आपटली. कुणी भरलेलं भांडं काढून घ्यावं तशी.

जात्याची पाळ तिथं नव्हती.

कोरड्या फरशीवर पाण्याचे थेंब पडत गेले. हौदापासून, लोकांच्या मधून, वत्सलाबाईंच्या घराच्या गल्लीकडं. लोक न सांगता बाजूला झाले.

"भरली का, आत्याबाई?" वत्सलाबाईंनी मोठ्यानं विचारलं. मग त्यांनी आपला दगड पायानं पुढं सरकवला, घागर तोटीखाली लावली, आणि सगळ्या गावासमोर, वाहत्या धारेखाली, ती काठोकाठ भरली. घाई केली नाही. एवढ्या वर्षांनी कुणी घाई करतं?

जेसीबीच्या ड्रायव्हरनं इंजन बंद केलं. खाली उतरला, चप्पल काढली, हात जोडले. मग पुन्हा वर चढून गाडी मागं मागं नेली, पार वेशीपर्यंत. पंचायतीतल्या कुणीतरी वत्सलाबाईंच्या नावाचा जयघोष केला. दुसऱ्यांदा केला तेव्हा सगळी पेठ त्यात होती. साखराबाई आपला जुना दगड छातीशी धरून दारातून बाहेर आल्या होत्या.

वत्सलाबाईंनी घागर डोक्यावर घेतली. गुडघा दुखत नव्हता.

आता भागवतला कारंजाचं महत्त्व कळलं. त्यानं मोबाइल एकाच्या हातात दिला, "फोटो काढ बे," म्हणाला, आणि ओंजळ करून पुढं आला. वत्सलाबाई आणि त्यांच्या मागच्या नंबराचा दगड यांच्यामध्ये घुसला. तोटीकडं हात लांबवले. तिथंच अडखळला. पाऊल उचलेना.

त्यानं खाली बघितलं. फरशी मोकळी होती.

वत्सलाबाई वळल्या. डोक्यावरची घागर हलली नाही. त्यांनी पुतण्याकडं पाहिलं, मग त्याच्या मागं, जरा वर, एखाद्या उंच बाईच्या तोंडाकडं बघावं तसं पाहिलं, आणि मान लववली.

"भागवत," त्या म्हणाल्या, "हे कारंजं पडणार न्हाई, आन तुझा नंबर शेवटी लागंल. पाय काढ आधी. त्या बाईचा पदर हाय तुझ्या पायाखाली."